चार डिस्क, एक किल्ली

एका लग्नाच्या चित्रीकरणाला किती जागा लागते, याचा हिशेब करून पाहावा. हल्लीचा साधा फोर-के कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या वेगानं लिहितो, म्हणजे तासाला सुमारे ४५ जीबी. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले, की ५४० जीबी झाले. फोटो, ड्रोनची दृश्यं आणि अल्बमची पानं वेगळीच. कोरेगाव, रहिमतपूर, वाठार स्टेशन या पट्ट्यात सराईच्या महिन्यात दहा लग्नं घेणाऱ्या स्टुडिओकडे त्या एका महिन्यात साडेपाच टीबी साठतात. ते लगेच पुसूनही टाकता येत नाहीत, कारण अल्बमची निवड करायला दोन्हीकडची मंडळी चार-चार महिने लावतात.

स्टुडिओचं उदाहरण डोळ्यांत भरणारं आहे म्हणून आधी घेतलं. पण तालुक्याच्या गावात याहून नाजूक फायलीही असतात. पतसंस्थेची खाती, कर सल्लागाराकडची कित्येक वर्षांची विवरणपत्रं आणि त्यांना जोडलेल्या आधार-पॅनच्या प्रती, आल्याच्या आणि घेवड्याच्या व्यापाऱ्यांचे हिशेब, दवाखान्यातले सोनोग्राफीचे अहवाल. एका संगणकातल्या एका डिस्कवर हे मावेनासं झालं, की मालक चार कप्प्यांची एक पेटी आणतो. तिला नेटवर्क स्टोरेज किंवा ‘नॅस’ म्हणतात. पेटीत चार हार्ड डिस्क बसतात आणि संगणकाला त्या चार मिळून एकच मोठी डिस्क दिसते. बसवणारा सांगतो, “एक डिस्क गेली तरी काही होत नाही.” मालक निश्चिंत होतो. त्याचं निश्चिंत होणं अर्धंच बरोबर आहे, आणि हा लेख उरलेल्या अर्ध्याविषयी आहे.

आधी बरोबर असलेलं अर्धं. स्वस्त डिस्कांचा समूह करून त्यातून भरवशाची साठवण उभी करावी, ही मांडणी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली प्रसिद्ध केली. तिला ‘रेड’ हे नाव मिळालं. चार डिस्कांच्या पेटीत बहुधा रेड-५ हा प्रकार असतो. त्यामागचं गणित चौथीतल्या मुलालाही कळेल. समजा, पहिल्या डिस्कवर १ लिहिला, दुसरीवर ० आणि तिसरीवर १. चौथ्या डिस्कवर असा आकडा लिहायचा, की चौघींवरच्या एकांची संख्या सम यावी. इथे दोन एक आधीच आहेत, म्हणून चौथा आकडा ०. आता दुसरी डिस्क बंद पडली. हातात उरले १, १ आणि ०. यात एक दोनदा आहे, म्हणजे संख्या आधीच सम आहे. तेव्हा हरवलेला आकडा ० असणार. हेच काम पेटी सेकंदाला कोट्यवधी वेळा करते. प्रत्यक्षात हा पडताळ्याचा आकडा एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीनं चौघींवर फिरवतात. चार टीबीच्या चार डिस्क बसवल्या, तर वापरायला बारा टीबी मिळतात आणि चार टीबी या पडताळ्यासाठी जातात.

या गणिताला एक खिंडार आहे आणि ते आपल्याकडच्या विजेशी थेट जोडलेलं आहे. एखादी फाईल लिहिताना माहितीचा आकडा एका डिस्कवर लिहून झाला आणि पडताळ्याचा आकडा दुसरीवर लिहिण्याआधीच वीज गेली, तर दोन्हींचा मेळ राहत नाही. त्या वेळी काहीच बिघडलेलं दिसत नाही. सहा महिन्यांनी एक डिस्क जाते, पेटी त्या चुकीच्या पडताळ्यावरून हरवलेला भाग उभा करते, आणि नवरीचा फोटो अर्धा राखाडी निघतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात दुपारनंतर वीज कशी जाते-येते, हे साताऱ्या-सांगलीतल्या कुणाला सांगायला नको. म्हणून पेटीला यूपीएस हवाच, आणि तोही असा, की वीज गेल्यावर यूएसबीच्या तारेवरून पेटीला ‘आता बंद हो’ असा निरोप देणारा. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून हा खर्च टाळणं महागात पडतं. इन्व्हर्टर पेटीला काही काळ चालू ठेवेल, पण बॅटरी संपत आली हे तिला कळवणार नाही.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं २००५ साली खुली केलेली झेडएफएस ही फाईल व्यवस्था या खिंडारावरचं चांगलं उत्तर आहे. ती जुन्या मजकुरावर नवा मजकूर कधीच लिहीत नाही. नवा मजकूर आधी मोकळ्या जागी पूर्ण लिहिला जातो, आणि तो झाल्यावरच नोंदवहीतला पत्ता बदलतो. मध्येच वीज गेली, तर जुना मजकूर जागेवर शाबूत असतो. शिवाय प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा एक आकडा ठेवलेला असतो. त्यामुळे डिस्कनं चुकीचं वाचून दाखवलं, तर ते पकडलं जातं आणि समूहातल्या दुसऱ्या डिस्कांवरून दुरुस्त होतं. मात्र ही पूर्ण तपासणी अधूनमधून मुद्दाम चालवावी लागते. महिन्यातून एकदा ती रात्रभर लावून ठेवणं पुरेसं असतं.

डिस्क गेली, नवी बसवली, तर पुढचे तास सर्वांत धोक्याचे असतात. नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सोळा टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगानं भरली, तरी तीस तास जातात. या काळात दुसरा आधार शिल्लक नसतो. चारही डिस्का बहुतेक वेळा एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खेपेतल्या घेतलेल्या असतात. त्या सारख्याच झिजलेल्या असतात आणि तीस तासांची ही अखंड धाव त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येते. मोठ्या डिस्कांच्या समूहात दोन डिस्का गेल्या तरी चालेल असा प्रकार, म्हणजे रेड-६ किंवा झेडएफएसमधला त्याचा भाऊ, घ्यावा असं जाणकार सांगतात ते यासाठी. आणखी एका डिस्कएवढी जागा कमी मिळते म्हणून लोक नाखूश होतात; ती नाखुशी पत्करावी.

आता त्या उरलेल्या अर्ध्याकडे येऊ. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या घट्ट जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पेवाचं तोंड लिंपून बंद केलं, की आत हवा खेळत नाही, कीड लागत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायची सोय नाही, इतकं ते बंदिस्त. कीड, ऊन, चोर या सगळ्यांपासून राखणारी ती व्यवस्था होती. २००५ साली कृष्णेचा महापूर आला, पेवांत पाणी शिरलं आणि साठवलेली हळद गेली. पेव नीट लिंपलं नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. शेजारशेजारची सगळी पेवं एकाच नदीच्या काठावर होती, एवढंच.

डिस्कांच्या पेटीचंही असंच आहे. एक डिस्क झिजून बंद पडली, तर पेटी वाचवते. पेटीच चोरीला गेली, पाण्यात बुडाली, शॉर्टसर्किटनं जळाली, किंवा कुणी चुकून फोल्डर पुसून टाकलं, तर चारही डिस्का मिळून काही करू शकत नाहीत. पुसण्याची आज्ञा त्या चौघी इमानानं एकदम पाळतात. दक्षिण कोरियातल्या डेजॉन इथल्या सरकारी माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी बॅटरीतून आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवणारी ‘जी-ड्राईव्ह’ नावाची साठवण त्यात नष्ट झाली. तिच्यात ८५८ टीबी माहिती होती. साठवण इतकी मोठी आहे की तिची बाहेर प्रत ठेवणं शक्य झालं नाही, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. संगणकात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही गोष्ट आहे.

पेटीला कुलूप लावण्याची, म्हणजे डिस्क एनक्रिप्ट करण्याची गरज वेगळ्या कारणानं येते. पेटी चोरीला गेली तर यंत्राची किंमत बुडते; आतल्या आधार-पॅनच्या प्रती गेल्या तर दुसऱ्यांचं नुकसान होतं. बिघडलेली डिस्क वॉरंटीत बदलून घ्यायला पाठवली, जुनी भंगारात दिली, तरी तिच्यावरचं सगळं वाचता येतं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. माहिती राखण्याची वाजवी व्यवस्था न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तो आकडा मोठ्या कंपन्यांसाठी ठरवलेला वाटला, तरी जबाबदारी तालुक्याच्या गावातल्या कार्यालयावरही आहे.

आजचं एनक्रिप्शन फुटत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेनं २००१ मध्ये स्वीकारलेली एईएस ही पद्धत जगभर चालते. तिच्या २५६ बिटांच्या किल्लीचे जितके प्रकार संभवतात, ती संख्या ७८ अंकी आहे. सगळ्या किल्ल्या लावून पाहण्याचा विचारही करता येत नाही. म्हणजे कुलूप चोराला रोखतं, आणि किल्ली हरवली तर मालकालाही तितक्याच कठोरपणे रोखतं.

इथे एक बारकावा आहे. तो न कळल्यानं पासवर्ड लख्ख आठवत असतानाही लोकांच्या फायली गेल्या आहेत. आपण टाकतो तो पासवर्ड ही डिस्कची खरी किल्ली नव्हे. खरी किल्ली यंत्रानं स्वतः, कुठलाही ताळमेळ नसलेल्या आकड्यांतून बनवलेली असते. ती डिस्कच्या सुरुवातीच्या एका छोट्या भागात, म्हणजे हेडरमध्ये, ठेवलेली असते आणि आपल्या पासवर्डानं फक्त ती किल्ली बंद केलेली असते. म्हणून तर पासवर्ड बदलायला दोन सेकंद लागतात, सगळी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की तो हेडर खराब झाला तर पासवर्डाला उघडायला काही उरत नाही. लिनक्समधल्या ‘लक्स’ या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत हा भाग सहसा १६ एमबीचा असतो. सोळा टीबीच्या डिस्कच्या तो दहा लाखावा हिस्सा आहे. त्यावर काही लिहिलं गेलं, की बाकीचे दहा लाख हिस्से जिथल्या तिथे असूनही कायमचे बंद. आणि हे घडायला मोठा अपघात लागत नाही. नॅसमधली डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला जोडली, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असा फलक आला, आणि गडबडीत ‘हो’ दाबलं, की झालं.

समूह आणि कुलूप एकत्र आले, की कशाच्या वर काय हा प्रश्न येतो. प्रत्येक डिस्कला आधी वेगळं कुलूप लावून मग त्यांचा समूह केला, तर हेडर चार असतात. एक बिघडला तर एक डिस्क गेल्यासारखं होतं, आणि उरलेल्या तिघींवरून समूह ते भरून काढतो. आधी समूह करून त्यावर एकच कुलूप लावलं, तर सांभाळायला सोपं, पण सगळा डोलारा एका हेडरवर उभा राहतो. दुसरी पद्धत निवडायला हरकत नाही; मात्र हेडरची प्रत पेटीबाहेर काढून ठेवणं मग ऐच्छिक राहत नाही. व्हेराक्रिप्ट हेडरची एक प्रत शेवटच्या टोकाला आपणहून ठेवतं. लक्समध्ये किल्ल्यांच्या भागाची प्रत मालकालाच काढावी लागते. ती प्रत जपायचीही असते, कारण जुन्या प्रतीला जुना पासवर्ड चालतो. पासवर्ड फुटला म्हणून बदलला आणि जुनी प्रत कुठेतरी पेन ड्राईव्हवर पडून राहिली, तर दार उघडंच राहिलं.

तिसराही एक मार्ग आहे. डिस्का एकत्र दिसतात, पण प्रत्येक फाईल पूर्णपणे एकाच डिस्कवर राहते. विंडोजवर ड्राईव्हपूल आणि लिनक्सवर मर्जरएफएस ही यातली नावं आहेत. एक डिस्क गेली, तर तिच्यावरच्याच फायली जातात आणि बाकीच्या डिस्का सुट्या काढून कुठल्याही संगणकावर वाचता येतात. वेग कमी मिळतो. ज्या कामात फायली मोठ्या, लिहिणं एकदा आणि वाचणं क्वचित, अशा स्टुडिओसाठी ही रचना समजायला आणि सावरायला सोपी आहे, आणि सोपेपणाची किंमत संकटात कळते.

आपल्या लॅपटॉपला कुलूप आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नवीन बसवणीत, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते. सुटकेची किल्ली ४८ अंकांची असते आणि ती त्या खात्यात जमा होते. ते खातं दुकानदारानं लॅपटॉप सुरू करून देताना घाईत स्वतःच्याच नावानं काढलेलं असेल, तर पुढे काय, याचा विचार आत्ताच करावा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राईक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणानं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती तशी सोपी होती, एक फाईल पुसायची होती. पण डिस्क एनक्रिप्ट असलेल्या संगणकांवर तिथवर पोचण्यासाठी आधी ते ४८ अंक लागत होते, आणि काही ठिकाणी ते ज्या सर्व्हरवर जपले होते तोही बंद पडला होता.

डिस्क वापरात असताना कुलूप उघडं असतं, ही गोष्ट तर सर्रास विसरली जाते. सकाळी पासवर्ड टाकला, की दिवसभर त्या संगणकावरून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला फायली मोकळ्या. खंडणीखोर सॉफ्टवेअर येतं ते अशा उघड्या दारातून, आणि आपल्या कुलपावर स्वतःचं कुलूप लावून जातं. २०२१ च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकर आणि २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट या दोन हल्ल्यांनी क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्यांनाच गाठलं. इंटरनेटवरून थेट पोचता येतील अशा ठेवलेल्या पेट्या त्यात सापडल्या. घरून फायली बघता याव्यात म्हणून राउटरमधून पेटीची वाट उघडून देणं किती धोक्याचं आहे, ते यावरून कळावं.

महाराष्ट्रानं या प्रकारातला मोठा दणका न्हावाशेव्याला पाहिला. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेब-करभरणीच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या हा विषाणू सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे मर्स्क समूहाचं. तिथलं संगणकावर चालणारं काम ठप्प झालं आणि कंटेनरांच्या रांगा लागल्या. नॉटपेट्या खंडणी मागत होता, पण फायली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. पडद्यावर दाखवलेला ओळख क्रमांक निव्वळ अंदाधुंद आकडे होते. किल्ली कुणाकडेच नव्हती, हल्लेखोरांकडेही.

मर्स्कची सुटका कशी झाली, हे अमेरिकी पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी पुढच्या वर्षी सविस्तर लिहिलं. कोण कर्मचारी, कोणाला कशाची परवानगी, ही नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर कंपनीकडे होते. ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असल्यानं एक गेला तर दुसरा आहेच, असं गृहीत धरलेलं होतं. विषाणूनं ते सगळे एकदमच पुसले. वाचला एकच, आफ्रिकेतल्या घाना देशात. तिथे हल्ल्याआधी वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. इंटरनेटवरून प्रत ओढायला वेग पुरेना आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी ती डिस्क नायजेरियाच्या विमानतळापर्यंत हातोहात नेली आणि तिथून इंग्लंडला पोचवली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले, असं मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर दावोसच्या परिषदेत सांगितलं. सतत जुळत राहणाऱ्या दीडशे प्रती एका क्षणात गेल्या आणि तारेपासून सुटलेली एक प्रत कामी आली, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. क्लाऊडवर आपोआप जुळणारं फोल्डर म्हणजे बॅकअप असं मानणाऱ्यांनी तर खासच.

एवढी काळजी घेऊनही पेटी बोलेनाशी झाली तर? पहिलं काम, हात मागे घेणं. डिस्कमधून टक-टक असा ठोक्याचा आवाज येत असेल, तर वीज लगेच बंद करावी. वाचणारं डोकं बिघडलेलं असतं आणि चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट चकतीवर ओरखडे वाढवतो. मग कुठल्या कप्प्यात कुठली डिस्क होती, ते मार्करनं डिस्कवरच लिहावं आणि लेबलाचा फोटो काढावा. पेटीनं ‘नवीन समूह तयार करू का?’ असं विचारलं, तर त्याला कधीही होकार देऊ नये.

पुढची पायरी घाईत टाळली जाते आणि तिथेच घात होतो. मूळ डिस्कवर कुठलंही दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवू नये. प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत तितक्याच मोठ्या दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि सगळे प्रयोग प्रतींवर करावेत. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम यासाठी चांगला आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, दुखऱ्या जागा वहीत नोंदवून पुढे जातो आणि शेवटी त्यांच्याकडे परत वळतो. मरणाच्या दारातल्या डिस्ककडून जास्तीत जास्त काढून घ्यायची ही शहाणी रीत आहे.

मग क्रम पाळायचा. प्रतींवरून समूह फक्त वाचण्यापुरता जुळवायचा, कुलूप उघडायचं, आणि त्यानंतरच फायली शोधायच्या. जिथे प्रत्येक डिस्कला वेगळं कुलूप होतं, तिथे आधी चारही कुलपं आणि मग जुळवणी. हा क्रम चुकला तर हाती काहीच लागत नाही, आणि त्याचं कारण सोपं आहे. फोटोरेक सारखे प्रोग्राम फायली त्यांच्या खुणांवरून ओळखतात. जेपेग फोटोची पहिली अक्षरं नेहमी एफएफ, डी८, एफएफ अशी असतात. ती दिसली, की इथून फोटो सुरू होतो हे कळतं. एनक्रिप्ट केलेल्या डिस्कवर अशी एकही खूण नसते. तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंदाधुंद आकडेच दिसतात.

बिघडलेल्या डिस्कमधून काय काय निघू शकतं, याचा विचार केला तर थक्क व्हायला होतं. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर कोसळलं आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. यानावर झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची माहिती साठवणारी हार्ड डिस्क होती. काही महिन्यांनी ती टेक्सासमधल्या एका आटलेल्या तळ्यात सापडली, बाहेरून पार वितळलेली. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी चकत्या काढून स्वच्छ केल्या, दुसऱ्या यंत्रात बसवल्या आणि ९९ टक्के माहिती वाचून काढली. त्या प्रयोगाचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. आकाशातून पडलेली, भाजलेली डिस्क वाचता आली, कारण तिला कुलूप नव्हतं. कुलूप असतं आणि किल्ली यानाबरोबर गेली असती, तर ते कुशल हात काही करू शकले नसते.

सांगलीकरांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. पुरात बुडालेली डिस्क उन्हात वाळवू नये, तांदळात पुरू नये, आणि सुकली की नाही हे पाहायला चालू तर मुळीच करू नये. गाळ वाळला की चकतीवर घट्ट बसतो. ओली डिस्क ओलीच, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पोचवावी. तिथला खर्च भारी असतो, आणि किल्ली सोबत दिली नाही तर तो वाया जातो.

दुसरी प्रत कुठे ठेवावी, याचं उत्तरही नदी सांगते. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम जगभर मानला जातो. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. सांगलीच्या गावभागातल्या कार्यालयानं दुसरी प्रत पुढच्याच गल्लीत ठेवून भागत नाही; ती उंचावरच्या गावात, पाहुण्यांकडे कोरेगावला किंवा पुण्याला असावी. कोरेगावच्या स्टुडिओला महापुराचं भय तेवढं नाही, पण वीज, चोरी आणि आग आहेतच. एनक्रिप्शनचा खरा उपयोग इथे होतो. कुलूपबंद डिस्क भाच्याच्या बॅगेतून एसटीनं पुण्याला पाठवली आणि ती वाटेत हरवली, तर डिस्कचे पैसे जातात, माहिती नाही. झेडएफएसमध्ये तर किल्ली न देताच कुलूपबंद प्रत दुसऱ्याच्या पेटीत पाठवता येते आणि पुढच्या वेळी बदललेला तेवढाच भाग जातो. पाहुण्याला आपल्या फायली दिसत नाहीत.

राहिली किल्ली. ती मालकाच्या एकट्याच्या डोक्यात असणं ही गावोगावची रीत आहे. बँकेच्या खात्याला वारस नेमणारा माणूस डिस्कच्या पासवर्डाबद्दल घरात अवाक्षर बोललेला नसतो. एक जाडसर कागद घ्यावा. त्यावर कप्प्यांचा क्रम, डिस्कांचे अनुक्रमांक, समूहाचा प्रकार, कुलूप कुठल्या पद्धतीचं आणि ते ४८ अंक किंवा पासवर्ड, शाईच्या पेनानं स्वच्छ लिहावं. हेडरची प्रत असलेला पेन ड्राईव्ह त्यासोबत पाकिटात घालावा आणि पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावं; दुसरं पाकीट विश्वासातल्या माणसाकडे. लॉकरमधलं पाकीट आणि दुसऱ्या गावची प्रत असलेली डिस्क कधी एकाच जागी ठेवून देऊ नयेत.

आणि सराई संपल्यावर, पहिला पाऊस पडायच्या आत, मागच्या वर्षीचं एखादं लग्न निवडावं. टेबलाखालची पेटी बंद करून, फक्त दुसऱ्या गावची डिस्क आणि तो कागद घेऊन, उसन्या आणलेल्या संगणकावर ते लग्न उघडून पाहावं. हे काम स्वतः मालकानं न करता घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, मालक शेजारी गप्प बसून.